जुन्या ऑम्नीत घरगुती एसी: आधी ऊन अडवा, मग बर्फ भरा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. अथणी भागातल्या एका भावाकडे २००६ ची मारुती ऑम्नी व्हॅन आहे, पाच सीटची, एसी नसलेली. आईंना दर आठवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. कागवाड-म्हैसाळवरून तास-सव्वा तासाचा रस्ता. सकाळी अकराला निघायचं, दुपारी तीनला परत फिरायचं. एप्रिल-मे मध्ये घरी आल्यावर आई दोन तास नुसत्या पडून असतात. भावानं मोबाइलवर थर्माकोलची पेटी, बर्फ आणि पंखा असा जुगाड बघितलाय. तो चालतो का, नाहीतर भंगारातल्या गाडीचा एसी काढून बसवू का, की घरचा खिडकीचा एसी टपावर ठेवून इन्व्हर्टरवर चालवू, असं विचारतात.

मी बेळगावात तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि एसीचं काम करतोय. यातल्या दोन गोष्टी स्वतः करून पस्तावलोय आणि तिसरी करणाऱ्यांच्या जळालेल्या वायरी बदलल्यात.

तिसरीचा निकाल आधी लावू. एक टनाचा खिडकीचा एसी १००० ते १२०० वॉट ओढतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढं काढायचं तर इन्व्हर्टरमधला तोटा धरून १०० अँपिअरच्या पुढं जातं. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. एवढा करंट ओढला की ती कागदावरची वीस मिनिटंसुद्धा देत नाही, आणि ऑम्नीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) ही भर काढणं जमणार नाही. म्हैसाळ राहू द्या, कागवाडसुद्धा येणार नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या पेल्टियर चकत्यांचंही तसंच, म्हणजे वीज दिली की एका बाजूनं गार आणि दुसऱ्या बाजूनं गरम होतात त्या. १२७०६ नंबरची एक चकती ६० वॉटच्या आसपास वीज खाते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यानंही उष्णता ओढत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे एकट्या आईंची उष्णता काढायला चार चकत्या, आणि त्या चकत्यांची स्वतःची उष्णता गाडीबाहेर घालवायला वेगळा खटाटोप. सोडून द्या.

आता तुमच्या गाडीकडे वळू. गार करायच्या आधी ती तापते कुठून ते शोधा. लोक नेमकं हेच टाळतात, कारण यात दाखवण्यासारखं काही नसतं.

ऑम्नीत माणूस वरून, मागून आणि खालून असा तिन्हीकडून भाजतो. वर एकेरी पत्रा आणि त्याखाली पातळ रेक्झिन. मागं भली मोठी काच. आणि खाली, पुढच्या सीटच्या बुडाशी, इंजिन. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं हे इंजिन चालवणाऱ्याच्या मांडीखाली तापत असतं. अर्धा तास गाडी चालवून थांबा आणि सीट न उचलता तिच्या कडेनं हात फिरवा. जिथं चटका बसेल तिथलं, इंजिनावरच्या झाकणाच्या कडेचं रबर बीडिंग गेलेलं आहे असं समजा. वीस वर्षांच्या गाडीत ते कडक होऊन चिरतं, नाहीतर कुठल्यातरी मेस्त्रीनं प्लग बदलताना तोडलेलं असतं. नवं बीडिंग बसवा. झाकणाच्या आतल्या बाजूचं जाड अस्तर फाटलं असेल तर तेही बदला. कामाच्या मानानं खर्च किरकोळ आणि फरक पहिल्याच दिवशी पायाला कळतो.

या बीडिंगचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. एसी नसलेली गाडी आयुष्यभर काचा उघड्या ठेवून चाललेली असते. सायलेन्सरच्या जोडाला चीर असली, मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या भागाचं, पॅकिंग फुंकत असलं, तरी धूर वाऱ्याबरोबर निघून जातो, कुणाला पत्ता लागत नाही. तुम्ही गारवा टिकवायला काचा लावल्या की तोच धूर आत साठायला लागतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि आपल्याला वाटतं थंड हवेनं डोळा लागला. म्हणून बर्फाची पेटी करा नाहीतर लाखाचा एसी बसवा, त्याआधी एकदा एक्झॉस्ट तपासून घ्या आणि सीटखालचं झाकण घट्ट करा. फट शोधायला उदबत्ती लावू नका, पेट्रोलची गाडी आहे. शिलाईचा सुटा दोरा घ्या, इंजिन चालू ठेवा, काचा बंद करा आणि झाकणाच्या कडेनं दोरा हळूहळू फिरवा. जिथं हवा येते तिथं दोरा हलतो.

टपासाठी आतलं रेक्झिन उतरवून पत्र्याला १० मिलिमीटरचं चिकट नायट्राइल फोम लावा. एसीच्या डक्टिंगवाल्यांकडे काळ्या रंगाची शीट मिळते ती. कडा नीट दाबा, नाहीतर मे महिन्यात गोंद सुटून छत पोटासारखं खाली लोंबतं. गाडी पांढरी असेल तर अर्धं काम कंपनीनंच करून ठेवलंय. दुसऱ्या रंगाची असेल तर पांढऱ्या रंगाच्या नादाला लागण्याआधी आरसीवरच्या रंगाचा विचार करा. रंग बदलला की त्याची नोंद करावी लागते.

काचेच्या बाबतीत तुमच्या रस्त्याची एक गंमत आहे. अथणीहून मिरज पश्चिमेला. सकाळी अकराला ऊन पूर्वेकडून, म्हणजे गाडीच्या पाठीवर. दुपारी तीनला तुम्ही पूर्वेला तोंड करून परत येता तेव्हा सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा पाठीवरच. बाजूच्या काचांना पडदे लावून तुम्हाला फारसं काही मिळणार नाही, मागची काच आणि टप हेच तुमचे वैरी. काळी फिल्म चिकटवू नका. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा असा नियम आहे, आणि नाक्यावर फिल्म फाडायला लावतात ते वेगळंच. मे महिन्यात सूर्य इतका वर असतो की मागच्या काचेतून येणारं ऊन बहुतेक डिकीच्या जागेवर पडतं. तिथलं काळं मॅट झाकून धुतलेली पांढरी चादर घट्ट ताणून बसवा, म्हणजे बरंच ऊन आल्या वाटेनं परत जातं. आणि दवाखान्यासमोर गाडी उभी असेल तर निघायच्या आधी पाच मिनिटं मागचं दार आणि सरकते दरवाजे सताड उघडे ठेवा. आत कोंडलेली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. ती बर्फानं गार करणं म्हणजे पैसे वितळवणं.

एवढं केलं तर निम्मं काम झालं. आता गारव्याकडे येऊ, आणि इथं आधी तुमचं गाव विचारावं लागतं.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात एकाच दिवशी दोन हवा असतात. खानापूरकडं घाटाचा वारा, दमट. अथणी, रायबागकडं मे महिन्याची दुपार कोरडी ठणठणीत. पाण्याचा कूलर कोरड्या हवेतच चालतो. समजा तुमच्याकडे दुपारी ३९ अंश आहेत आणि हवेतली आर्द्रता २२ टक्के. अशा हवेत ओल्या कपड्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या जवळ उतरतो, नुसत्या पाण्यानं हवा त्याखाली जात नाही. साध्या कूलरची जाळी यातलं सत्तर टक्के अंतर कापते, म्हणजे बाहेर पडणारी हवा २८ अंशांच्या आसपास. हेच खानापुरात जूनमध्ये करायला गेलात तर अंश-दोन अंशांचा फरक पडेल आणि गाडीतल्या सीटला बुरशी येईल, तेवढंच.

पाण्याची ताकद लोकांना कमी वाटते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २४०० ओढतं, सात पट. आपल्या आजोबांच्या काळी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे ते उगीच नव्हे. अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत गाडीच्या खिडकीला बाहेरून नळकांड्यासारखा पाण्याचा कूलर लटकवत. गाडी पळायला लागली की वारा ओल्या जाळीतून आत यायचा, ना मोटर ना वीज. वाळवंटातून जाणाऱ्या लोकांत तो चांगला चालला. कारखान्यातून एसी बसवून आलेली पहिली गाडी पॅकार्डची, १९४० च्या मॉडेलची, पण ते परवडणारे लोक किती!

तुमच्यासाठी याचा साधा अवतार असा: मागच्या सरकत्या काचेच्या फटीत बसेल अशी पातळ चौकट, तिच्यात वाळा, आणि वरून ठिबकच्या बारीक नळीनं पाणी. पलीकडच्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवायची. हवा बाहेर जायला वाट नसेल तर दहा मिनिटांत आत न्हाणीघर होतं. चौकट गाडीच्या अंगाबाहेर येऊ देऊ नका, कागवाडच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर किती जवळून जातात ते तुम्हाला मी काय सांगू. एप्रिलच्या कोरड्या दिवसात हा उपाय बर्फापेक्षा स्वस्त. पण वळवाचा पाऊस पडून गेला की त्या आठवड्यात तो निकामी. आईंना दम्याचा किंवा खोकल्याचा त्रास असेल तर वाळा दर आठवड्याला उन्हात कडक वाळवा, कुबट वास आला की फेकून द्या.

आता बर्फ. तुम्ही बघितलेल्या जुगाडात पेटीच्या झाकणाला दोन भोकं, एकात कॉम्प्युटरचा छोटा पंखा, आत बर्फ. तोंडासमोर धरलं तर गार लागतं, गाडी गार होत नाही. कारण सरळ आहे. एसीचं 'टन' हे माप मुळात बर्फावरूनच आलंय. अमेरिकन टनभर, म्हणजे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढेल ती एक टन. म्हणजे एक टनाच्या एसीची बरोबरी करायला तासाला जवळजवळ ३८ किलो बर्फ वितळवायला हवा. पाच किलोच्या पेटीवर बोटभर पंखा लावून ते कसं होणार? शिवाय हवा थेट बर्फावरून जाते, आतला ओलावा तसाच राहतो, काचांवर वाफ धरते.

मी करून देतो ती पद्धत वेगळी. बर्फाला हवा लागू द्यायची नाही, बर्फाचं पाणी फिरवायचं. भंगारातल्या मारुती ८०० चा हीटर कोर घ्या, म्हणजे डॅशबोर्डच्या आत असतो तो छोटा रेडिएटर, आणि शक्य असेल तर त्याच गाडीचा हीटर ब्लोअरही. कोर आधी पाण्यात बुडवून तोंडानं फुंका, बुडबुडा आला तर परत करा. पेटी मासेवाले वापरतात तसली जाड थर्माकोलची, पण ती नुसती वापरायची नाही, प्लायवूडच्या खोक्यात बसवायची. आत बारा व्होल्टचा छोटा डीसी पंप, सोलरच्या कारंज्यांना लावतात तसला. काच धुवायच्या पाण्याचा पंप लावू नका, तो सेकंद-दोन सेकंद चालायला केलेला असतो, सलग चालवला की दहा मिनिटांत जळतो. हे मला कसं माहीत ते विचारू नका.

पंप बर्फाचं पाणी कोरमधून फिरवतो, ब्लोअर गाडीतली हवा कोरमधून ढकलतो, गरम झालेलं पाणी परत बर्फावर पडतं. पाण्याची परतीची नळी पेटीच्या वरच्या बाजूला आणि पंप तळाशी, म्हणजे बर्फ सगळीकडून सारखा झिजतो. गार कोरवर हवेतला ओलावा थेंब होऊन धरतो, त्यामुळं आतली हवा कोरडी होते, आणि घाम वाळला की माणसाला खरं बरं वाटतं. त्या थेंबांसाठी कोरखाली उतरता ट्रे आणि नळी गाडीबाहेर. ही नळी विसरलात तर पाणी मॅटखाली जातं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा सडतो.

ब्लोअरला बाहेरची हवा देऊ नका, आतलीच फिरवा. ३९ अंशांची हवा गार करत बसलं तर बर्फ कागवाडलाच संपेल. मात्र चालवणाऱ्याच्या बाजूची काच बोटभर उघडी हवीच, आत तीन माणसं श्वास घेतायत. पुढच्या सीटमागं पारदर्शक जाड प्लास्टिकचा पडदा सोडला तर गार करायची जागा निम्म्यावर येते. ड्रायव्हर थोडा तापेल, सोसा की, आईसाठीच चाललंय ना.

हिशेब असा. बारा किलो बर्फ वितळून त्याचं पाणी १५ अंशांपर्यंत चढेपर्यंत पावणेपाच हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता ओढली जाते. सव्वा तासात वाटली तर सरासरी १ किलोवॉटच्या थोडी वर, एसीच्या भाषेत पाव टनापेक्षा जरा जास्त. सगळी गाडी महाबळेश्वर होणार नाही. पडद्यामागची मागची सीट, टपाला फोम, डिकीत चादर, एवढ्यावर मात्र पुरतो. म्हणूनच मी आधी ऊन अडवायला सांगितलं, नाहीतर हाच बर्फ पंचवीस किलो लागतो.

बर्फ कारखान्यातून लादीचा आणा किंवा घरी दोन लिटरच्या बाटल्यांत गोठवा. बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं. बाटल्यांनी काम सुटसुटीत होतं, पण उष्णता प्लास्टिकमधून हळू जाते, म्हणून पेटीत चार-पाच लिटर गार पाणी आधीच घाला. लादी असेल तर चार तुकडे करा, चुरा करू नका, चुरा पहिल्या वीस मिनिटांत हुडहुडी भरवतो आणि मग संपतो. परतीचा बर्फ मिरजेतच घ्या, सकाळपासून ठेवलेला दुपारपर्यंत अर्धा होतो. मीठ टाकू नका. मिठानं बर्फ लवकर आणि जास्त थंड होऊन वितळतो, एकूण गारवा वाढत नाही, आणि कोर मात्र खातं.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. जुना ब्लोअर फुल स्पीडला आठ-दहा अँपिअर घेतो, पंपाचे दोन धरा. सिगारेट लायटरमधून हे घेऊ नका. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) इग्निशनवर, म्हणजे चावी काढली की सगळं बंद. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट. माझ्याकडे जळून आलेल्या गाड्यांत दहातल्या सात वेळा वायर पत्र्याच्या धारेवरच सोललेली असते.

आणि पेटी बांधा. बर्फ-पाण्यासकट ती वीस किलोच्या वर जाते. करकचून ब्रेक लागला तर ती सीटवर राहणार नाही, आईंच्या पाठीवर येईल. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा सीटबेल्टच्या बोल्टच्या जागांना अडकवा. पत्रा कापू नका, चॅसिसला वेल्डिंग करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत फेरफार करू देत नाही. २००६ ची गाडी म्हणजे तुम्हाला दर पाच वर्षांनी पासिंगला जायचंच आहे, तिथं उगीच नडायला नको. पट्ट्यानं बांधलेली, काढून ठेवता येणारी पेटी म्हणजे सामान.

कुणीतरी तुम्हाला 'ड्राय आइस' सुचवेल. बंद गाडीत मुळीच नको. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. एका किलोतून पाचशे लिटरहून जास्त वायू निघतो. ऑम्नीच्या पोकळीत दोन-तीन किलो ठेवून काचा लावल्या तर गाडीत तुम्ही आणि विषारी हवा, एवढंच उरतं.

आता खऱ्या गॅसच्या एसीबद्दल. भंगारातून काढून बसवता येतो का? येतो. मीही बसवलाय. २००१ च्या आसपास खानापूरकडच्या एका लाकूडवाल्याच्या जीपमध्ये. सॅन्डेन कंपनीचा ५०८ कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) जुना पण चांगला होता, कूलिंग कॉइल एका अपघाती व्हॅनची, कॉम्प्रेसर धरायचा ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, सहा एमएमच्या प्लेटमधून कापून घेतला. पाइपांसाठी मी डोकं चालवलं. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पाइप मशीनवर दाबून पाच मिनिटांत करून मिळतात, तीनशे बार सोसणारे. एसीत फार तर पंधरा-वीस बार. मला वाटलं जन्माची काळजी मिटली. गॅस भरला, बर्फासारखी हवा, मालक खूश. तीन आठवड्यांनी हवा गरम. पुन्हा भरला, पुन्हा तीन आठवडे. साबणाचा फेस लावून सगळे जोड बघितले, एक बुडबुडा नाही. गॅस जोडातून जात नव्हताच, पाइपाच्या रबरातूनच पाझरत होता. गाडीच्या एसीतल्या गॅसचे, म्हणजे आर-१३४ए चे, रेणू साध्या रबरातून निघून जातात. एसीच्या पाइपात आत नायलॉनचा थर असतो, तो त्यासाठी. दाब किती सोसतो याचा तिथं काही संबंध नाही.

ते पाइप माझ्या खर्चानं बदलून दिले, तर पुढच्या महिन्यात जांबोटीच्या रस्त्यावर ब्रॅकेट वेल्डिंगच्या कडेनं चिरला. कॉम्प्रेसर तिरका झाला, पट्टा उडाला, पाण्याच्या पंपाचा पट्टा घेऊन गेला, इंजिन उकळलं. प्लेट जाड होती, पण तिला आडवा आधार नव्हता. आता मी कॉम्प्रेसर बसवला की दोन्ही पुलींच्या तोंडावर ओळंब्याचा दोरा ताणून धरतो. दोरा चारही कडांना एकाच वेळी टेकला पाहिजे. एक एमएमचा फरक दिसला तरी वायसर घालून काढतो. हे काम डोळ्यानं करायचं नसतं.

तुमच्या ऑम्नीत अडचण दुसरी. इंजिन सीटखाली, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पुढं रेडिएटरसमोर, कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली. पाइप लांब, जोड जास्त. इंजिनची ताकद ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास, त्यातले दोन-तीन कॉम्प्रेसर खाणार. सपाटीला चालून जाईल, चार माणसं घेऊन घाट चढताना बटण बंद करावं लागेल. शिवाय २००६ ची गाडी इंजेक्शनवाली, पेट्रोल किती सोडायचं ते इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. एसी चालू झाल्याचा सिग्नल कॉम्प्युटरला गेला नाही तर चौकात थांबल्यावर गाडी धापा टाकत बंद पडते. कंडेन्सरला वेगळा पंखा हवाच, नाहीतर उभ्या गाडीत दाब चढत जातो. हे सगळं नीट केलं तर खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी स्पर्धा करतो. मला विचाराल तर या गाडीत हे करू नका. एसी असलेली दुसरी जुनी गाडी त्यात येईल.

तरी कुणी करणारच असेल तर घरी करू नये. गळती बघायला नायट्रोजनच भरतात. वेल्डिंगवाल्याकडे असतो म्हणून ऑक्सिजन भरणारे लोक मी पाहिलेत. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होतो, ठिणगीची गरज पडतेच असं नाही. घरच्या सिलिंडरचा गॅस एसीत भरणारेही आहेत. गार होतो, खोटं नाही. पण कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्याजवळ असते आणि गळती झाली तर ज्वलनशील गॅस बंद गाडीत येतो. स्वस्त, बिननावाच्या डब्यांपासूनही लांब राहा. १३४ए च्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला माल बाजारात येऊन गेलाय. तो ॲल्युमिनियमशी मिळून हवेत आपोआप पेट घेणारं रसायन तयार करतो, आणि २०११ मध्ये जहाजानं माल नेणाऱ्या थंड कंटेनरांचे स्फोट होऊन त्यात माणसं गेली होती.

एक बारीक गोष्ट, मेस्त्रींसाठी. व्हॅक्यूम मारताना, म्हणजे गॅस भरण्याआधी पाइपांतली हवा पंपानं काढताना, पुस्तकात पाऱ्याचे २९ इंच लिहिलंय म्हणून आपल्याकडची पोरं पंपाला शिव्या घालतात. तो आकडा समुद्रसपाटीचा. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथं हवेचा दाबच २७ इंचांच्या थोडा वर. गेजचा काटा २७ च्या आसपास थांबला तर पंप बरोबर आहे. काटा किती खाली गेला यापेक्षा पंप बंद करून अर्ध्या तासानं तो हलला का ते बघा. गोव्याहून गाडी आणलेला एकजण इथल्या गेजवर लीक आहे म्हणून दोन दिवस जोड उघडत बसला होता.

विमा कंपनीलाही विसरू नका. बाहेरून बसवलेला एसी पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून लिहून घ्यावा लागतो, त्याचा वेगळा हप्ता असतो. न लिहिता गाडी पेटली तर त्याचे पैसे मिळत नाहीत.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन: या आठवड्यात एक्झॉस्ट आणि बीडिंग, पुढच्या आठवड्यात टपाचा फोम आणि चादर, मग एकदा आईंना नेऊन बघा. तेवढ्यानंच भागलं तर पेटी करूच नका. नाही भागलं तर पेटी करा, आणि पहिल्या फेरीला आई नकोत, तुम्ही स्वतः मागच्या सीटवर बसा, दुसऱ्याला चालवायला लावा. हवेचा झोत छातीवर किंवा तोंडावर न येता मांडीवरून वर येईल असा ब्लोअरचा कोन ठेवा. आणि मिरजेत पोचायच्या पाच-सात मिनिटं आधी पंप बंद करून नुसता ब्लोअर ठेवा. गारव्यातून एकदम दवाखान्याच्या आवारातल्या उन्हात उतरलं की म्हाताऱ्या माणसाला गरगरतं.